छाती हलत नव्हती

आग्या माशा डसल्या आणि रमाकांतचा घसा सुजून पार बंद झाला. उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी त्याला प्राणवायूच्या अतिसूक्ष्म बुडबुड्यांचं सलाईन लावलं आणि त्याच्या बायकोला, मालतीला, बजावलं, "फुप्फुसांचं काम आता हे बुडबुडे रक्तातच करतील. पण बाटली संपायच्या आत तालुक्याला पोचा."

अर्ध्या घाटात जीप चालवणाऱ्या धाकट्या दिराने, विलासने, मागे वळून पाहिलं. भावाचे डोळे सुजून मिटलेले, छाती निश्चल. त्याने गाडी कडेला घेतली आणि हुंदका दिला. "वहिनी, दादा गेला."

"भावजी, श्वास थांबलाय, माणूस नाही! गाडी चालवा!"

"मनाला किती फसवाल, वहिनी?"

बाटली तळाला आली होती. मालतीने विलासचा हात ओढून नवऱ्याच्या मुठीत दिला. "हाक मारा त्यांना."

"दादा?"

रमाकांतने बोटं अशी आवळली की विलास कळवळला. मग त्याने जीप अशी काही पिटाळली की मालतीने दोन्ही हातांनी नवऱ्याला धरून ठेवलं.

दवाखान्यात गळ्यात नळी घातल्यावर रमाकांतची छाती भरून वर आली. तेव्हा कुठे मालती फरशीवर बसली आणि मोठ्याने रडली.