दांडी सोडल्यावर

नेरुळच्या क्लिनिकमध्ये अमरीन दिनानाथकाकांच्या हातावर ॲक्युपंक्चरची रेषा शोधत होती. काकांच्या दुसऱ्या मुठीत पितळी दांडी होती. यंत्राचा टोकदार प्रोब त्वचेवर टेकवल्यावर जिथून करंट सहज वाहायचा, तिथे यंत्र वाजायचं.

रेषा अंगठ्याच्या टोकाशी संपली. प्रोब घसरून बेडच्या रेक्झिनवर आला, तरी यंत्र वाजतच राहिलं.

"काका, दांडी सोडा बघू."

त्यांनी सोडली. सर्किट तुटलं, पण यंत्र काही गप्प बसेना. रेषा रेक्झिनवरून पुढेच चालली होती. बेडवर टेकवलेल्या तिच्या दुसऱ्या हाताला ते रेक्झिन कोमट, चिकट लागत होतं, गालाच्या आतल्या बाजूसारखं. शी!

रेषा थेट तिच्याच टेकवलेल्या तळहातापाशी पोचली.

तिनं शिसारी येऊन हात ओढला. तो सुटेना. जोर लावल्यावर चर्रकन निघाला.

काका किंचाळले, "अगं, माझं कातडं सोलतेस काय?"