चकती काढल्यावर

दहावीच्या वर्षी जेवणात वेळ जायला नको म्हणून शालनने हौसेने लेकीच्या कानामागे भूक थांबवणारी चकती लावून घेतली होती. पोषणही तीच पुरवायची. निकाल लागला, चकती काढली. पण चार महिने झाले तरी मृण्मयीला भूक लागेना. डॉक्टरांनी आता घरचं साधं जेवण सांगितलं होतं.

शालनने गरम भाकरी, मेथीची भाजी आणि दही वाढलं.

“अगं, वासाने शेजारचे येतील जेवायला. तू घास तरी घे.”

मृण्मयी एकेक घास मोजून बत्तीस वेळा चावत राहिली. अर्धी भाकरी संपल्यावर तिने विचारलं, “आई, पोट भरलं का गं माझं?”

शालनने तान्ह्या बाळाचं पाहतात तसा पंधरा वर्षांच्या लेकीच्या पोटावर हात ठेवून पाहिला.