डावऱ्याचा हात

पाण्याने भरलेला पितळेचा गुंड वसंताच्या डाव्या हातातून सुटला आणि न्हाणीत दणकन आपटला. ओसरीवर दाढी करत बसलेल्या रघुनाथरावांनी वस्तरा खाली ठेवला.

"झालं? आता गुंडबी उचलल्या जात नाही? वाजव, अजून वाजव ते गिटार!"

"बाबूजी, मनगटापासून खांद्यापर्यंत ठणकून राहिलं," वसंता कळवळून म्हणाला.

"ठणकंल नाही तं काय नाचंल?"

रघुनाथरावांची चिडचिड उगीच नव्हती. पोळा तोंडावर आला होता, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार. नदीच्या मधोमध झेंडा बांधलेला पळस, एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, आणि मध्ये दगडांचा पाऊस. त्यांच्या घरातला एक तरी माणूस दर साली पांढुर्ण्याच्या काठावर उभा असायचाच. रघुनाथरावांनी स्वतःचा डावा डोळा तिथंच घालवला होता आणि वर तो मिरवतही असत. धाकटा भाऊ शालिकराम गेला तोही तिथंच. त्याचा हार घातलेला फोटो ओसरीवर होता.

यंदा पाळी वसंताची. एकुलता एक, जवान, त्यातून डावरा. डावऱ्याचा दगड कुठून येतो ते समोरच्याला उमगत नाही, असं रघुनाथराव संत्र्याच्या आडतीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटले होते. आणि हा पठ्ठ्या ऐन वेळी हात धरून बसला!

गिटार आणली होती वसंताच्या मामाने, नागपूरहून. बहिणीच्या शिलाई मशीनचा पेचकस घेऊन, तारांखालचे दोन स्क्रू फिरवून त्याने तारांची उंची जुळवून दिली आणि आपण मोकळा झाला. सौसरच्या रवींद्रने वसंताला शिकवलं ते चारचौघांसारखं. उजव्या हाताने छेडायचं, डाव्याने तारा दाबायच्या. दोन वर्षं बिनबोभाट चाललं. दुखणं सुरू झालं ते या श्रावणात.

"पहिले असं नव्हतं जी," वसंता म्हणाला. "तारा आताशा दाबल्याच जात नाही. पावसानं लाकूड फुगलं असंल."

"लाकूड फुगलं का तुयं डोकं फुगलं?"

मालतीबाई तिळाच्या तेलात लसूण कढवून आल्या आणि मुलाचा हात मांडीवर घेऊन चोळू लागल्या. "माया भावाले बी काही काम नव्हतं," त्या पुटपुटल्या. "आणलं तं आणलं हे झेंगट."

मग उपायांची रांग लागली. बोरगावच्या हाडवैद्य सुखदेवने हात असा पिळला की वसंता चार घरं ऐकू जाईल असा बोंबलला. जामसांवलीच्या मारुतीला नारळ झाला. सौसरच्या डॉक्टरांनी हात पाहिला, गिटार वाजवून दाखवायला सांगितली आणि निकाल दिला, "काही दिवस हिले हात लावू नको, बरा होशील."

रघुनाथरावांनी घरी येताच गिटार कपाटात कोंडली आणि किल्ली जानव्याला बांधली. चमत्कार झाला म्हणा, हाताचा ठणका उतरला. वसंता गुंड उचलू लागला, अंगणातल्या लिंबावर खडे मारू लागला. रघुनाथराव त्याला कितीतरी दिवसांनी "बेटा" म्हणाले.

तेव्हा घोळ घातला मालतीबाईंनीच.

"अजी, गणपतीत सौसरले त्याचा कार्यक्रम हाय. पोरगं धड जेवून नाही राहिलं. घडीभर वाजवू द्या न. मी ध्यान ठेवतो."

"अन् हात पुन्हा गेला म्हंजे?"

"नाही जात. मी हाव न."

बायको अशी पदर पसरून मागायला लागली की रघुनाथरावांचं काही चालत नसे. त्यांनी किल्ली दिली. मालतीबाईंनी गिटार काढली, मशीनपाशी बसून मायेने पुसली आणि मग मुलाच्या हाती दिली.

व्हायचं तेच झालं. पोळ्याच्या दिवशी वसंताला सदऱ्याची बाही चढवता येईना. मालतीबाईंनी जुन्या लुगड्याची झोळी करून हात गळ्यात बांधला आणि तो रडवेला होऊन बसून राहिला.

"तुया लाडापायी!" रघुनाथराव बायकोवर कडाडले. "गावात तोंड दाखवाची सोय नाही ठेवली!"

दुसऱ्या दिवशी ते एकटेच नदीवर गेले. धाप लागते म्हणून मागेच उभे राहिले. जो भेटला त्याने विचारलं, "पोरगं कुठी हाय?" दर वेळी "हात दुखते" म्हणताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दिवस मावळता ते घरी आले आणि चपला कोपऱ्यात भिरकावल्या.

"गल्लीतल्या रामाजीच्या पोराचं डोकं फुटलं. चौघांनी उचलून नेलं त्याले. तरी उभं तं होतं पोरगं! नाहीतर आपलं. गिटारानं हात दुखते म्हणे!"

"शुद्धीवर आलं का ते?" मालतीबाईंनी विचारलं.

"मले काय मालूम? पुढच्या पोळ्याले पायतो मी याच्याकडं. तवा एकही सबब नाही चालणार."

"हाव जी. पुढच्या पोळ्याचं पुढच्या पोळ्याले पाहू."

वसंता आतल्या खोलीत गाढ झोपला होता. मालतीबाईंनी त्याच्या अंगावर चादर टाकली, कपाळावरून हात फिरवला आणि येताना गिटार घेऊन आल्या. शालिकरामाच्या फोटोखाली, नवऱ्याचा डोळा नसलेल्या बाजूला त्या बसल्या, आणि रघुनाथराव सावरगाववाल्यांना शिव्या घालत असताना मशीनच्या पेचकसाने तारांखालचे ते दोन स्क्रू, जे श्रावणात गिटार हाती लागेल तेव्हा त्यांनी थोडे थोडे वर चढवले होते, एकेक पीळ खाली उतरवू लागल्या.