मध्ये काही नाही

मुलगा-सून राहायला येणार म्हणून धाकट्या जावेला मागच्या अंगाला एक खोली वाढवायची होती आणि मेंदीचं कुंपण नेमकं आडवं येत होतं. दोन घरांत अबोला झाला त्या साली ते थोरल्या जावेने लावलं होतं. रोज पाणीही तीच घालायची. नगरपालिकेची बांधकामाची परवानगी मिळेपर्यंत कुंपणाला हात लावायचा नाही, असा नियम होता. पण त्या परवानगीला थोरलीची संमती लागणार, आणि तिच्यापुढे पदर कोण पसरणार? थोरली डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे गेली, तेवढ्यात धाकटीने कुंपण मुळासकट उपटून वर माती लोटली.

पाहणीला नगरपालिकेचे साहेब आले.

"नकाशात इथे कुंपण दिसतंय. तोडलंत की काय?"

"इथे कुठलं हो कुंपण?" धाकटी पुटपुटली.

"शेजारी विचारतो. तोडलं असेल तर खोली विसरा."

त्याच सकाळी परतलेली थोरली नेमकी मागच्या दारातून बाहेर येत होती. इतक्या वर्षांचं उट्टं काढायला याहून चांगली वेळ कुठली?

"आजी, या दोन घरांच्या मध्ये काय होतं?"

थोरलीने काळा चष्मा वर करून मोकळ्या मातीकडे पाहिलं, मग धाकटीकडे.

"आम्हा जावांच्या मध्ये? छे हो, कधीच काही नव्हतं."

साहेब मान डोलावून निघाले. धाकटीची मान काही वर होईना. तशी खालीच पाहत असताना तिला दिसलं, थोरलीने पाठीमागे लपवलेल्या झारीतून पाणी ठिबकत होतं.