चार बोटं रबर

जीप उभी होती त्या जागी मुंगीची एकच चप्पल पडली होती.

मिस्त्रीने ती उचलली. "मुंगे! ए मुंगे!" त्याने हाक मारली. ओ आली नाही. पाच वर्षांची पोर, दिसेल त्या भोकात शिरायची, म्हणून तर मुंगी हे नाव पडलेलं. टायरांच्या ढिगात नव्हती. वेल्डिंगच्या टेबलाखाली नव्हती. वर्कशॉपच्या मागेच घर. तिथून बायको हात पुसत आली. "झोपली असेल हो कुठेतरी," म्हणाली, आणि तिला त्याच्या हातातली चप्पल दिसली. दोघांनी एकदमच त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं.

मिस्त्रीचा धंदा एकच. रानावनात फिरणाऱ्या जीपच्या मागे कुलपाचे लोखंडी खण बसवून द्यायचे, माणूस आडवा होईल एवढे लांब. आजची जीप सर्व्हेवाल्याची होती. त्याची यंत्रं नाजूक, धुळीचा कण आत जाता कामा नये. त्यावरूनच सकाळी मिस्त्री बायकोवर खेकसला होता. खणाच्या तोंडाला रबर लावायचं काम तिचं. खालच्या डाव्या कोपऱ्यात, हात घातल्याशिवाय कळणार नाही अशा जागी, चार बोटं रबर कमी पडलं होतं. "एवढी फट म्हणजे बोगदाच की! आंधळी आहेस का?" तो बोलला होता. "लावते हो, अंगावर काय येता?" ती म्हणाली होती. मग सर्व्हेवाला ठरल्या वेळेआधीच येऊन टपकला आणि मिस्त्रीचं तपासायचं राहून गेलं.

गिऱ्हाईक समोर आलं की मिस्त्रीच्या अंगात यायचं. "साठ किलो माल भरा साहेब, तरी एका बोटाने सरकतो बघा!" हातभर उघडा खण त्याने करंगळीने ढकलला. खण लोण्यासारखा आत गेला. त्याने कुलूप लावलं आणि दोन्ही किल्ल्या साहेबाच्या हातात दिल्या. गिऱ्हाइकाची किल्ली आपल्याकडे ठेवायची नाही, हा त्याचा नियम. खणाच्या तळाशी मऊ कापड चिकटवलेलं होतं. त्यावर पार आत जाऊन झोपलेल्या पोरीचं वजन त्या करंगळीला कळलंच नाही.

"किती वेळ झाला?" त्याने विचारलं.

"दहा मिनिटं," बायको म्हणाली.

सर्व्हेवाल्याचा फोन संपर्क क्षेत्राच्या बाहेर. दोघं जुन्या व्हॅनमध्ये बसले. मिस्त्रीचे हात असे लटलट कापत होते की किल्ली भोकात जाईना. डोंगराचा रस्ता, एका बाजूला दरी. दुसऱ्याच वळणावर चाक कडेला गेलं आणि दगड घरंगळत खाली गेले. त्याने करकचून ब्रेक दाबला.

"मला नाही जमायचं गं," तो रडायलाच लागला. "माझ्याच हाताने कोंडलं मी तिला. त्या खणात हवासुद्धा जात नाही, जगाला सांगत फिरतो मी." मग एकदम तिच्याकडे वळला. "ते रबर! ते लावलंस का तू?"

बायको समोर बघत राहिली.

"अगं, सांग ना! लावलंस?"

"नाही लावलं."

"खरंच?"

"तुमचा राग आला होता मला. म्हटलं, ओरडतायत तर ओरडू देत. फट तशीच आहे, हवा जातेय आत. आता गाडी नीट चालवा. पण थांबू नका."

मिस्त्रीच्या जिवात जीव आला. बरं झालं, हिला माझं ऐकायची सवय नाही! त्याने डोळे पुसले, गिअर टाकला. हात आता कापत नव्हते. एकेक वळण तो जपून पण झपाट्याने घेत गेला. "पुन्हा कधी बोलणार नाही तुला," तो म्हणाला. मनगटावरच्या घड्याळावरची तिची नजर हलत नव्हती. अजून रुसलीय, त्याला वाटलं.

वनखात्याच्या नाक्यावर आडव्या दांड्यापाशी जीप उभी दिसली. सर्व्हेवाला वहीत सही करत होता. "किल्ली! साहेब, किल्ली द्या!" मिस्त्री लांबूनच ओरडला. कुलूप उघडलं. एका बोटाने सरकणारा खण त्याने दोन्ही हातांनी ओढला.

मुंगी घामाने चिंब भिजली होती. केस कपाळाला चिकटलेले, ओठ फिके पडलेले. ती हलेना. मिस्त्रीने तिला उचलून छातीशी धरलं, पाठ चोळली, गालावर चापट्या मारल्या. पोर खोकली. मोठा श्वास घेतला, पुन्हा एक घेतला, आणि मग तिने असं भोकाड पसरलं की नाक्यावरचा शिपाई धावत बाहेर आला.

बायको होती तिथेच रस्त्यावर मटकन खाली बसली.

"वाचली गं! तुझ्या फटीने वाचवली!" मिस्त्री हसत होता, रडत होता. पोरीला कडेवर घेऊन तो वाकला. त्या फटीला एकदा हात लावावा असं त्याला वाटलं. खालच्या डाव्या कोपऱ्यात त्याची बोटं फिरली, आणि पुन्हा एकदा फिरली. रबर एकसलग होतं. सांध्यावरचा डिंक बोटाला अजून किंचित चिकटत होता.

त्याने वळून बायकोकडे पाहिलं. "लावलं होतंस?"

"तुम्ही ओरडलात तेव्हाच," ती म्हणाली. "पण गाडी तुम्हाला चालवायची होती."