सव्वा मूठ

कानबाई देवीच्या रोटाच्या नैवेद्यासाठी धुरपदाबाई सुपातले गहू परातीत मोजत होती, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. धाकट्या पोराची पाळी आली तसा नवरा कडाडला, “त्याना नावनी मूठ टाकू नको. तो आपला नही!” सोळा वर्षांचं पोर गर्दच्या नशेपायी तांब्याची तार चोरताना सापडलं, कालच चौकीतून सुटलं होतं. रोटात आपली मूठ पडली तरच धुळ्याच्या नशा सोडवायच्या दवाखान्यात जाईन, एवढंच आईजवळ बोललं होतं. आता उंबऱ्याबाहेरून ऐकत होतं. तिने सूप उंबऱ्याशी सरकवलं. “ये भाऊ, तुनी मूठ तूच टाक.” पोराने गहू उचलले, पण बोटं थरथरून दाणे सांडले. “माय, मूठ वळत नही वं.” नवरा त्या हाताकडे बघतच राहिला. मग खाली बसला, सांडलेला एकेक दाणा कपाळाला लावून परातीत टाकू लागला. पोराची सव्वा मूठ भरेपर्यंत दिवेलागण झाली.