उकळलेला करदोडा

भगवानराव पाटलांना मरणाची भीती वाटत नाही. हे त्यांनी स्वतःच, ऑपरेशनच्या टेबलावर बसून, सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं. मग नर्स जनकाबाई कात्री घेऊन त्यांच्या कमरेशी आली आणि पाटील धोतर शोधू लागले.

"करदोड्याले हात लावायचा नाही, बाई. तो माणूस मेल्यावर तोडतात."

काळा करदोडा नेमका जांघेवर रुळत होता, जिथे चिरा द्यायचा तिथेच. चार वर्षांचा घाम, कपाशीच्या शेताची माती आणि बालाजीचा अंगारा त्यात मुरला होता.

डॉक्टर सबनीस हात धुऊन, दोन्ही पंजे वर धरून उभे होते. ते बुलढाण्याहून दर गुरुवारी येत आणि चारच्या एस.टी.ने परत जात.

"पाटील, उतरलेलं आतडं दोनदा अडकलंय," ते म्हणाले. "तिसऱ्यांदा अडकलं तर ते गुरुवारची वाट पाहणार नाही. जनकाबाई, राहू द्या तो दोरा. जरा वर सरकवू, आयोडीन फासू."

"नाही," जनकाबाई म्हणाली.

तिच्या 'नाही'वर तालुक्यात अपील नव्हतं. मागे पाहणीला आलेल्या एका बड्या साहेबाला तिने बूट काढायला लावले होते, आणि बूट काढल्यावरही दाराबाहेरच उभं केलं होतं. अवजारं ती घड्याळ लावून उकळायची. घड्याळावर विश्वास नाही म्हणून वर आणखी पाच मिनिटं. अकरा वर्षांत त्या खोलीतली एकही जखम चिघळली नव्हती. याचं श्रेय जिल्हाभर सबनीसांना मिळे. ते त्यांनी कधी नाकारलं नव्हतं, पण जनकाबाईशी वादही कधी घातला नव्हता.

"पाटील, करदोडा जुना झाला तं काय करता?" तिने विचारलं.

"नवा बांधतो. मंग जुना काढतो. मधात कंबर रिकामी नाही ठेवत."

"मंग काऊन भेऊन राह्यले?"

"भेतो कोन?" पाटील धोतर सोडायला तयार नव्हते.

तिने टाके घालायचा काळा रेशमी दोरा काढला, सात पदर घेऊन पीळ भरला, आणि दाराशी जाऊन पाटलीणबाईंना लांबूनच दाखवला. "रुखमाबाई, चालते का असा?"

"काया हाये नं? चालते," रुखमाबाई म्हणाल्या. "गाठ पक्की मारजो, माय."

मग तो दोरा कात्री-चिमट्यांच्या पंगतीत जाऊन बसला आणि उकळू लागला. वीस मिनिटं. वर पाच. सबनीसांचे हात हळूहळू खाली यायला लागले.

"डॉक्टरसाहेब," जनकाबाई पाठमोरीच म्हणाली, "कमरेखाली गेले तं पहिल्यापासून धुवा लागतील."

हात वर गेले.

दोरा गार झाल्यावर तिने तो पाटलांच्या बेंबीच्या बराच वर बांधला, गाठ पक्की मारली, आणि मगच जुना कापला. तो चिमट्याने धरून बशीत घातला. कात्री आणि चिमटाही त्याच्याबरोबर बाहेर गेले. पाटलांनी पोटावरून बोट फिरवलं. रेशीम होतं. गावात कोणाच्या कमरेला नव्हतं. त्यांनी धोतर सोडून दिलं.

जनकाबाईने त्यांची कंबर साबणाने पुन्हा धुतली, कारण बोट फिरलं होतं. मग ती स्वतःचे हात कोपरापर्यंत घासत बसली, नखं एकेक करून, जणू आज दुसरं कामच नव्हतं. ती परत आली तेव्हा तिचेही पंजे हवेत होते.

आठव्या दिवशी पाटलांचे टाके कोरडे ठणठणीत निघाले, पण ती पुढची गोष्ट. या घडीला पाटलांनी, सवयीने, आधारासाठी डॉक्टरांचा दंड धरायला हात पुढे केला.

"पाटील, शिवू नका," जनकाबाई म्हणाली. "या खोलीत आता फक्त तुमच्याच हाताचा विटाळ हाये."

पाटलांच्या सात पिढ्यांना हे वाक्य कोणी ऐकवलं नव्हतं. त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं, उलटा करून पाहिला, आणि मुकाट्याने मांडीवर ठेवला.

सबनीसांनी घसा खाकरला. एक नजर जनकाबाईकडे टाकली आणि चेहरा पाटलांपुढे वाकवला.

"पाटील, तुमचा हात असाही बाटलेलाच आहे," ते हळूच म्हणाले. "माझी डावी भुवई तेवढी खाजवता का? अर्धा तास झाला."